प्रोब लावला की चालतंय

"मॅडम, प्रोब लावला की बरोबर मोजतंय. काढला की परत एक जास्त." फोनवर आमच्याकडचा नवा मुलगा बोलत होता आणि त्याच्या मागून काचेच्या बाटल्यांचा किणकिणाट येत होता. यंत्र बाटल्या मोजायचं. नव्वदच्या दशकातलं, रंग उडालेलं, पण तब्येतीनं ठणठणीत. मध्यंतरी त्यातली एक चिप गेली, कुणा दुरुस्तीवाल्यानं दुसरी बसवून दिली आणि तेव्हापासून एकूण बेरीज अधूनमधून एका बाटलीनं पुढे पळायला लागली. पेट्या बांधताना हिशोब लागेना, मालक वैतागले. मुलगा ऑसिलोस्कोप, म्हणजे तारेवरचा व्होल्टेज पडद्यावर रेघेनं दाखवणारं यंत्र, घेऊन गेला, त्याला ज्या तारेचा संशय होता तिच्यावर प्रोब, म्हणजे त्याचं तारेला लावायचं टोक, टेकवला आणि दोष गायब. काढला की हजर. मालकांनी शांतपणे विचारलं म्हणे, "मग राहू दे की तो लावूनच. किती रुपयांचा असतो?"

मी हसले, फोन ठेवला आणि कामाला लागले. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. प्रोब लावला की चालतं, हे या धंद्यातलं सगळ्यात जुनं रडगाणं आहे. ऐकणारा हसतो आणि सांगणाऱ्याचा जीव जात असतो. बघायला गेलं की न दिसणारा दोष म्हटलं की कुणीतरी लगेच क्वांटमच्या गप्पा सुरू करतं. इथं तसलं काही नाही. नेहमीचा दहापट वाला प्रोब म्हणजे तारेला लटकवलेला एक १० मेगाओहमचा रेझिस्टर, आणि त्याच्या जोडीला साधारण १० पिकोफॅरडचा कपॅसिटर, विद्युतभार साठवणारी इवलीशी टाकीच. आपण त्यातला १० मेगाओहम तेवढा लक्षात ठेवतो आणि म्हणतो, छे, याचा काय भार होणार! पण १०० मेगाहर्ट्झला तेच १० पिकोफॅरड १६० ओहमसारखे वागतात. घाईत असलेल्या सिग्नलला वाटेत १६० ओहमचं कुणीतरी येऊन उभं राहिलं तर तो त्याची दखल घेणारच.

पिकोफॅरड हे माप मला नेहमी जरा अविश्वसनीय वाटत आलंय. फॅरडचा दशलक्षांश मायक्रोफॅरड, त्याचा पुन्हा दशलक्षांश. पुण्याच्या तापकीर गल्लीत शंभराच्या पुडीत मिळणारा तो चपटा, तपकिरी, अंगावर '२२' लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर बोटांच्या चिमटीत धरला तर त्याचं वजनही कळत नाही. आणि बोर्डावर तर तो विकत आणावाही लागत नाही. तांब्याची साधी पट्टी, खाली जमिनीचा, म्हणजे शून्य व्होल्टचा, थर, की झाली दर सेंटिमीटरला एखाद पिकोफॅरडची सोय. पलीकडच्या चिपचा एकेक पाय आणखी तीन ते पाच घालतो. मध्ये चपटी रिबन केबल असली तर ती आपली भर वेगळी टाकते. कुणी न मागता, सर्किटच्या नकाशात कुठंही न काढता, प्रत्येक तारेच्या टोकाशी हे ओझं बसलेलं असतं. म्हणून तर चिपच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे माहितीपत्रकात, वेगाचे आकडे देताना खाली बारीक अक्षरांत भार, म्हणजे तारेच्या टोकाचा कपॅसिटन्स, किती धरला ते लिहिलेलं असतं. जुन्या, टीटीएल पद्धतीच्या एलएस कुटुंबातल्या बऱ्याच चिपांना १५ पिकोफॅरड, नंतरच्या, वेगळ्या ट्रान्झिस्टरांच्या सीमॉसवाल्यांना ५०. ती ओळ न वाचता वरचा आकडा वाचणं म्हणजे दर किती किलोला ते न विचारता भाव ऐकणं.

त्या यंत्रात मूळची चिप ७४एलएस३७४ होती. आठ तारांचं फ्लिप-फ्लॉप, म्हणजे ठोका पडला की आठ तारांवरचे शून्य-एक धरून ठेवणारं, वीस पायांचं काळं डबडं, जमिनीचा पाय दहा नंबरचा, एका कोपऱ्यात. पाच व्होल्टच्या पुरवठ्याचा वीस नंबरचा, तिरक्या समोरच्या कोपऱ्यात. दुरुस्तीवाल्याला एलएस मिळाली नाही, दुकानदारानं सीमॉसवाली ७४एसीटी३७४ दिली. पाय तेच, काम तेच, "वर फास्ट आहे साहेब." दुकानदार खोटं बोलला नाही. एलएसची तार उंच गेली तरी साडेतीन व्होल्टच्या आसपास थांबते. एसीटीची तार थेट पाचाला टेकते आणि तिथून दोन-तीन नॅनोसेकंदांत जमिनीवर येते. उडी मोठी झाली आणि वेळ कमी झाला. बाकी बोर्डावर काही म्हणजे काही बदललं नव्हतं.

त्या आठातल्या सात तारांवरून बाटल्यांची बायनरी गणती केबलनं समोरच्या आकड्यांच्या पाटीकडे जायची. आठवी तार एरवी खाली, शून्यावर. बाटली गेली की तेवढ्यापुरती वर जाऊन एकूण बेरीज ठेवणाऱ्या काउंटरला 'एक वाढव' म्हणायची. मुलगा हुशार. त्यानं संध्याकाळपर्यंत वहीत चुका लिहून काढल्या आणि मग त्याच्या लक्षात आलं की चूक वाटेल तिथं होत नाही. झालीच तर १२८ च्या पाढ्यात होते. प्रत्येक वेळी होतेच असं नाही, पण झाली तर तिथंच. सात बिटांची गणती १२७ वरून शून्यावर येते तेव्हा सातही तारा एका दमात वरून खाली पडतात. बाकी कुठल्याही क्षणी एवढी गर्दी एका दिशेनं जात नाही.

आता सात तारा पडल्या तर आठवीनं का हलावं?

पडणं म्हणजे काय ते पाहू. प्रत्येक तारेच्या टोकाच्या त्या पन्नासेक पिकोफॅरडमध्ये पाच व्होल्टनं विद्युतभार साठलेला असतो, म्हणजे २५० पिकोकूलॉम. तार खाली यायची तर तो सगळा चिपमध्ये शिरून, आतल्या ट्रान्झिस्टरमधून, जमिनीच्या पायानं बाहेर पडला पाहिजे. ३ नॅनोसेकंदांत एवढा विद्युतभार म्हणजे सरासरी ८० मिलिअँपिअरच्या वर. सात तारांचा मिळून अर्ध्या अँपिअरच्या पुढे. एरवी स्वस्थ बसली असताना मायक्रोअँपिअरमध्ये पिणारी चिप, आणि तिच्या दहा नंबरच्या पायातून क्षणभर अर्धा अँपिअर! त्या पायाची आतली पट्टी आणि सिलिकॉनपर्यंत जाणारी केसासारखी बारीक तार मिळून इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहाच्या बदलाला होणारा विरोध, धरा १० नॅनोहेन्री. अशी बारीक तार दर मिलिमीटरला साधारण १ नॅनोहेन्री पदरात टाकते आणि कोपऱ्यातल्या पायाचा रस्ता सगळ्यात लांब असतो. इंडक्टन्सला प्रवाह किती याच्याशी घेणं नसतं, तो किती झपाट्यानं बदलतो याच्याशी असतं. एका नॅनोसेकंदात १०० मिलिअँपिअरची वाढ झाली की त्या इवल्या पायावर १ व्होल्ट उभा राहतो. म्हणजे चिपच्या आतला शून्य बाहेरच्या शून्यापेक्षा एका व्होल्टनं वर. आठवी तार शून्यावर आहे म्हणजे ती आतल्या ट्रान्झिस्टरनं आतल्या जमिनीला बांधलेली आहे. आतली जमीन उचलली की ती बिचारी आपोआप उचलली जाते. तिनं काहीच केलेलं नसतं. आणि टीटीएलच्या हिशोबात ०.८ व्होल्टच्या वर गेलेल्या शून्याला कुणी खात्रीनं शून्य म्हणत नाही.

या धक्क्याला, या गोंगाटाला ग्राउंड बाउन्स म्हणतात. मला त्यात सगळ्यात आवडतं ते हे, की चिपच्या पोटात काय चाललंय ते बाहेरून बघायची ही एक साधी खिडकी आहे. झाकण उघडावं लागत नाही. सात तारा नाचवायच्या, एक खाली धरून ठेवायची आणि त्या थांबलेल्या तारेकडे बघायचं. धावणाऱ्या तारांवर काही कळत नाही. जी उभी आहे तीच आतल्या जमिनीची हालहवाल सांगते. चिप बनवणारेसुद्धा ही चाचणी अशीच घेतात.

मुलाचा पुढचा प्रश्न मात्र मला तिथंच अडवून गेला. तो म्हणाला, "मॅडम, गोंगाट जर कपॅसिटन्समुळे होतोय तर प्रोबचा कपॅसिटन्स लावल्यावर तो वाढायला पाहिजे ना? कमी कसा झाला?" आणि लगेच, "आणि भार दुप्पट केला तर धक्का दुप्पट बसेल का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी आठवली.

संध्याकाळी सहाच्या सुमारास गिरणी सुरू व्हायची. त्याआधी तासभर डब्यांची रांग लागलेली असे. ज्वारीचे डबे, गव्हाचे डबे, एखादा भाजणीचा, तो शेवटी दळायचा म्हणून बाजूला ठेवलेला. गिरणीवाले अण्णा डोक्याला पंचा बांधून, भुवयांवर पीठ बसलेले, स्टार्टरच्या दांड्याला हात घालत आणि सगळ्या गल्लीतले दिवे पिवळे पडत. आमच्या स्वयंपाकघरातला चाळीसचा बल्ब लालसर तारेएवढा उरे, आजीचा रेडिओ आवाज गिळे, मग मोटरचा सूर चढत चढत जागेवर आला की दिवा पुन्हा भानावर येई. आजी वर न बघता म्हणायची, "अण्णांनी चालू केली वाटतं." गिरणीला आणि आम्हाला वीज एकाच तारेनं यायची. तिकडे ओढ बसली की इकडे उजेड जायचा. जमिनीचा एकच पाय आठजणांनी वापरला की जे होतं तेच हे.

मला तेव्हा वाटायचं, आज दळण फार असेल म्हणून दिवा जास्त मंदावला. दिवाळीच्या आधी डबे गिरणीबाहेर फुटपाथपर्यंत यायचे, तेव्हा मी मुद्दाम बल्बकडे बघत बसे. तो नेहमीइतकाच पडायचा. मोठेपणी कॉलेजात इंडक्शन मोटर शिकताना त्याचं कारण कळलं. थांबलेली मोटर पहिल्या क्षणी जो प्रवाह ओढते, तिच्या नेहमीच्या पूर्ण भाराच्या पाच-सहा-सातपट, तो तिच्या गळ्यात काय बांधलंय त्यावर ठरतच नाही. दगड मोकळे असोत की घट्ट आवळलेले, पहिला घोट तेवढाच. ओझ्यानं फरक पडतो तो वेळेत. हलकी असेल तर मोटर पटकन वेग घेते आणि प्रवाह उतरतो, जड असेल तर तोच मोठा प्रवाह जास्त वेळ ओढत राहते. अण्णांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. ते दगड सैल करून, वर धान्य न सोडता मोटर सुरू करत. दांडा आधी एका बाजूला, सूर चढला की दुसऱ्या बाजूला. हा स्टार-डेल्टा स्टार्टर पहिल्या टप्प्यात प्रवाह एक तृतीयांशावर आणतो, पण मोटरचा जोरही तेवढाच उरतो, म्हणून सुरुवात रिकामी करावी लागते. एकदा त्यांच्या मुलानं दगड आवळलेले असतानाच दांडा ओढला होता. त्या दिवशी दिवा नेहमीइतकाच पिवळा पडला, पण तसाच रेंगाळला. मोटर घुरघुरत राहिली आणि अण्णा पीठ झटकत, शिव्या देत बाहेरून धावत आले.

आउटपुटचा ट्रान्झिस्टर बराचसा त्या मोटरसारखा आहे. तो पूर्ण उघडला तरी एका मर्यादेपलीकडे प्रवाह सोडू शकत नाही, पलीकडे कितीही मोठा कपॅसिटर वाट बघत असला तरी. भार अगदी लहान असेल तर ट्रान्झिस्टर पुरता उघडायच्या आतच तार खाली आलेली असते. प्रवाहाला चढायला वावच मिळत नाही, धक्का छोटा. भार वाढवला तर प्रवाह आणखी वर चढतो, धक्का वाढतो. पण एकदा का प्रवाह ट्रान्झिस्टरच्या कमाल मर्यादेला भिडला, की पुढे तो किती झपाट्यानं चढणार हे त्याचं गेट, म्हणजे त्याला चालू-बंद करणारं टोक, किती झपाट्यानं उघडलं त्यावर ठरतं. भाराचा त्यात हात उरत नाही. त्यानंतर कपॅसिटन्स दुप्पट करा, चौपट करा. धक्क्याची उंची जवळजवळ तिथंच राहते, तो फक्त लांबत जातो.

हे मी त्याला फोनवर सांगितलं नाही. "ये, करूनच बघू," म्हटलं. त्याच नमुन्याची चिप, सात तारा नाचणाऱ्या, आठवी खाली बांधलेली. आधी काही न जोडता, मग प्रत्येक तारेला २२ पिकोफॅरड, मग ४७, मग १००, मग २२०. खोलीत सोल्डरिंगच्या रोझिनचा तो गोडसर, घशाला लागणारा धूर. प्रोबची मगरीच्या जबड्यासारख्या चिमट्याची जमिनीची वायर काढून टाकली, कारण ती वीतभर वायर म्हणजे दीडेकशे नॅनोहेन्री. प्रोबच्या १० पिकोफॅरडशी जुळून ती सव्वाशे-दीडशे मेगाहर्ट्झला स्वतःच गुणगुणायला लागते आणि आपण तिचं गाणं चिपच्या नावावर खपवतो. तिच्या जागी टोकाशी लावायची ती छोटी स्प्रिंग. पडद्यावर पिवळी रेघ. २२ ला तिच्यावर एक टेंगूळ आलं, ४७ ला ते चांगलं उंचावलं, १०० ला थोडंसं आणखी, आणि २२० ला उंची तिथंच, नुसता बुड फुगला. मागोमाग येणारी थरथर आधी बारीक आणि पुष्कळ झोके घेणारी होती, ती मोठ्या भारावर सावकाश आणि मोजक्या झोक्यांत विझणारी झाली. इंडक्टन्स तेवढाच आणि कपॅसिटन्स मोठा झाला की झोका संथ होतो आणि रेझिस्टन्सला त्याला धरून थांबवणं सोपं जातं. मुलगा पडद्याचे फोटो काढत होता. मी गप्प बसले होते, पण आतून दिवाळी.

आणखी एक गोष्ट त्या टेंगळात दडलेली असते, ती मला फार गमतीची वाटते. आतली जमीन उचलली गेली की ट्रान्झिस्टरच्या गेटला मिळणारा व्होल्टेज तेवढाच कमी होतो, कारण तो त्याच जमिनीपासून मोजायचा असतो. म्हणजे धक्का स्वतःच ट्रान्झिस्टरचा हात धरतो. म्हणून एक तार पडली तर जेवढा धक्का बसतो त्याच्या सातपट सात तारांना बसत नाही, बराच कमी बसतो. कागदावर साधा गुणाकार करणारे घाबरतात ते इथं.

"मग १०४ लावू या ना जवळ," असं या क्षणी कुणीतरी म्हणतंच. १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा, चिपच्या पुरवठ्याशेजारी बसणारा कपॅसिटर. आपल्याकडे त्याच्यावर फार श्रद्धा. बोर्ड बिघडला की आणखी चार १०४ चिकटवतात. वर जाणाऱ्या तारांना त्याचा उपयोग आहे, त्यांना लागणारा प्रवाह तो शेजारून देतो. पण खाली पडणाऱ्या तारेचा प्रवास आठवा. विद्युतभार तारेवरून चिपमध्ये येतो, जमिनीच्या पायानं बाहेर पडतो, बोर्डाच्या जमिनीवरून त्याच कपॅसिटन्सच्या दुसऱ्या पाटीकडे परततो. या फेऱ्यात पुरवठा कुठं येतच नाही. आणि दोष जिथं आहे तो दहा नंबरचा पाय चिपच्या आत शिरतो. बाहेरून किती कपॅसिटर चिकटवले तरी त्याची लांबी कमी होत नाही.

ती लांबी कमी करायची खटपट १९८० च्या दशकाच्या मध्याला चांगलीच रंगली होती. वेगवान सीमॉस लॉजिक बाजारात येत होतं आणि कोपऱ्यातल्या जमिनीचा हा ताप सगळ्यांच्याच लक्षात आला होता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आणि फिलिप्स या चिप बनवणाऱ्या कंपन्या म्हणाल्या, जमीन आणि पुरवठा मधल्या पायांवर आणा, तिथून सिलिकॉन जवळ. एकाऐवजी जास्त पाय द्या. त्यांच्या त्या चिपांचे क्रमांकही वेगळे, ७४एसी११ ने सुरू होणारे. फेअरचाइल्ड आणि तिच्यासोबतचे म्हणाले, अहो, लोकांनी वर्षानुवर्षं कोपऱ्यातल्या पायांवर बोर्ड आखलेत, ते मोडायचे का? त्यांनी पाय होते तिथंच ठेवले आणि त्याच कुटुंबात पुढे 'क्वाएट सिरीज' निघाली, तिनं आतल्या ट्रान्झिस्टरलाच जरा हळू उघडायला शिकवलं. अभियांत्रिकीच्या दृष्टीनं मधले पाय सरस होते यात मला शंका नाही. गिऱ्हाइकानं मात्र जुनी जागा सोडली नाही. पण पुढे सोळा तारांच्या अठ्ठेचाळीस पायी चिपा आल्या, त्यांत जमिनीचे आठ आणि पुरवठ्याचे चार पाय तारांच्या मधूनमधून पेरलेले दिसतात. म्हणजे हरलेला मुद्दा दुसऱ्या दारानं आत आलाच.

दुसरी वाट, तारा एकदम पडूच द्यायच्या नाहीत. बेल लॅब्जमधल्या फ्रँक ग्रे यांच्या नावानं ओळखला जाणारा कोड, ज्याचं पेटंट १९५३ चं, त्यात पुढचा आकडा येताना एकच बिट बदलतं. आमच्या बाटल्यांची गणती ग्रे कोडमध्ये असती तर १२८ चा पाढा कुणाला आठवलाही नसता. मला मात्र १९९५ चा स्टॅन आणि बर्लसन या दोन संशोधकांचा उपाय जास्त आवडतो. आठातल्या चारपेक्षा जास्त तारा बदलणार असतील तर सगळा आकडाच उलटा करून पाठवायचा आणि एक जादा तार सांगणार, 'हे उलटं वाच'. मग एका वेळी चारांच्या वर तारा कधी बदलतच नाहीत. त्यांना वीज वाचवायची होती, गोंगाट आयता कमी झाला. संगणकाच्या डीडीआर४ मेमरीत याच्याच नात्यातली युक्ती आहे. तिथं मोजतात ते किती तारा बदलल्या हे नाही, किती खाली राहणार हे. एका बाइटमध्ये चारपेक्षा जास्त शून्यं येत असली की आकडा उलटा.

राहिला मुलाचा पहिला प्रश्न. प्रोब लावल्यावर कमी का झालं? कारण त्यानं प्रोब लावला होता तो आठव्या तारेवर. पडणाऱ्या सातांवर कपॅसिटन्स लटकवला तर ओझं गुन्हा करणाऱ्यांच्या अंगावर पडतं, धक्का वाढतो किंवा लांबतो. मार खाणारीवर लटकवला तर उलट होतं. जमीन उचलली तरी त्या तारेच्या टोकाला वर यायला वाटेतल्या रेझिस्टन्समधून ते १० पिकोफॅरड भरावे लागतात. भरेपर्यंत धक्का उतरायला लागलेला असतो. टेंगूळ आधी शून्य मानायच्या रेषेच्या जेमतेम वर जात होतं, आता जेमतेम खाली राहिलं. तीच वस्तू, तेवढंच माप, कुठं बांधली त्यावरून औषध की दुखणं.

मालकांना हे सगळं सांगण्यात अर्थ नव्हता, पण त्यांचं म्हणणं मात्र अगदी रास्त होतं. प्रोब जे करतो ते दोन रुपयांचा कपॅसिटर करेल, मग तो लावा आणि मला मोकळं करा. खरं सांगायचं तर त्यानं चाललंही असतं. जगातली किती यंत्रं अशाच कुणीतरी घाईत चिकटवलेल्या दहा पिकोफॅरडवर वर्षानुवर्षं निमूट चालत असतील, याचा विचार मी सहसा करत नाही. पण ही रेष जेमतेम आहे हे एकदा पाहिलं की झोप लागत नाही. सीमॉसचा ट्रान्झिस्टर थंडीत जास्त चपळ होतो. जानेवारीच्या पहाटेच्या पाळीला तोच धक्का थोडा उंच येणार. पुरवठा पाचाऐवजी सव्वापाच असला की आणखी थोडा. पुढच्या वेळी चिप दुसऱ्या कंपनीची आली की पुन्हा पहिल्यापासून. आणि त्या तारेवर काउंटरचं घड्याळ, म्हणजे कधी मोजायचं ते सांगणारा ठोका, चालतं. तिच्या खऱ्या चढणीला मुद्दाम मंद करणं म्हणजे एका चुकीच्या जागी दुसरी रुजवणं. संथ चढणारी धार मधल्या रेषेवर रेंगाळली की घड्याळाला एकाच्या दोन दिसतात.

आम्ही शेवटी आठवी तार त्या चिपमधून काढली. शेजारच्या चिपमध्ये एक गेट, म्हणजे एका तारेपुरतं छोटं सर्किट, रिकामं पडलेलं होतं, तिची जमीन वेगळी, तिथं गर्दी नव्हती. पट्टी कापली, बारीक वायर ओढली. सात तारांना चिपच्या अगदी तोंडाशी ३३ ओहमचे रेझिस्टर टाकले. नारिंगी, नारिंगी, काळा. पलीकडचा कपॅसिटन्स होता तेवढाच राहिला, पण ट्रान्झिस्टरला तो आता थेट दिसत नाही, रेझिस्टरच्या आडून दिसतो. तार खाली यायला थोडा जास्त वेळ घेते. आकड्यांच्या पाटीवरचा आकडा काही नॅनोसेकंद उशिरा बदलला म्हणून जगात कुणाचं काही बिघडत नाही.

परवा त्याच मुलानं नवा बोर्ड आणला, स्वतः आखलेला, त्यावर अगदी आजचा मायक्रोकंट्रोलर. या चिपांत प्रत्येक पाय किती चपळाईनं हलावा ते प्रोग्रॅममधून ठरवता येतं. लो, मीडियम, हाय, व्हेरी हाय. त्यानं एलईडीपासून रिलेपर्यंत सगळे पाय 'व्हेरी हाय'वर ठेवले होते. विचारलं तर म्हणाला, नमुन्याच्या कोडमध्ये तसंच होतं. मग स्वतःच जरा थांबला. "पण मॅडम, मग हे दिलंय तरी कशाला, वापरायचंच नसेल तर?" आम्ही पायांची यादी काढली आणि वरून खाली एकेक बघत गेलो. डिस्प्लेकडे जाणारं घड्याळ आणि त्याच्या शेजारची डेटाची तार, एवढ्या दोघींना खरोखर घाई होती. बाकी सगळे 'लो'.